कळंब्याचं धुकं आणि बदकाची भुवई

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ रोजी, भावाने ओवाळणीच्या ताटात पाकिटाऐवजी त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा ठेवला. "नुसती बघत बसतेस न्हवं पाखरं? आता फोटो काढ," म्हणाला. कॅमेऱ्याबरोबर आलेलं भिंग घरातल्या कार्यक्रमांपुरतं होतं, पक्ष्यांना ते पुरणार नव्हतं. म्हणून चार दिवसांनी एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून ७०-३०० मिलिमीटरचं वापरलेलं भिंग १३,५०० रुपयांना घेतलं. मी सहकारी बँकेत काउंटरवर बसते, लेक त्या वर्षी दहावीला होती आणि माझ्या हातात रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार एवढेच दिवस असतात. तेवढ्यात एक हिवाळा कसा गेला, कुठे अडलं आणि किती खर्च आला ते लिहिते आहे. सुरुवातीला मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी मला फक्त महागडी भिंगं सुचवली. मला हवी होती ती माहिती वेगळीच होती.

सुरुवात पक्षी सप्ताहात केली. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरला आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबरला, म्हणून २०२० पासून राज्यात हे आठ दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. १० तारखेच्या रविवारी मी सकाळी सव्वासहाला आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पोचले. नवशिक्यासाठी रंकाळ्यासारखी जागा नाही. तिथल्या पाखरांना फिरायला येणाऱ्यांची, पळणाऱ्यांची, गप्पा मारणाऱ्यांची सवय झालेली आहे. शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि पाण्यावरच्या पक्ष्यावर सरळ उजेड पडतो. केंदाळाच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, दगडांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत होते, आणि अगदी पायाखालून वंचक उडाला. तो बसलेला असताना मातकट दिसतो आणि उडताना एकदम पांढरा होतो. त्या सकाळी मी ४१२ फोटो काढले. घरी संगणकावर पाहिले तर बरे नऊ. उरलेल्यांत एक तर पक्षी हललेला, नाहीतर मी.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. त्याने एवढंच सांगितलं की शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांशाच्या खाली येऊ देऊ नकोस, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत वाढली तर वाढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आईच्या जुन्या सलवारीचा पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून त्यात दीड किलो जोंधळा भरला. कठड्यावर ही पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवलं की हात थरथरत नाही. विकतची अशी पिशवी सातशे-आठशेला मिळते. फक्त जोंधळ्याला जानेवारीत किडे लागले, तेव्हा मी तो बदलून प्लास्टिकचे मणी भरले. सुरुवातीपासून तेच भरावेत.

रंकाळ्यावर हिवाळी बदकं फारशी दिसेनात. ती शहराबाहेरच्या शांत पाण्यावर असतात असं कळलं. त्यातलं एक तळं एका मोठ्या संस्थेच्या आवारात आहे. १० नोव्हेंबरलाच रंकाळ्यावरून परतताना तिथे गेले तर फाटकावरच्या रखवालदाराने थांबवलं. "मॅडम, चालायला जावा, कॅमेरा आत न्हाई." त्याचं बरोबर होतं, त्याला तसा लेखी आदेश होता. ११ तारखेला जेवणाच्या सुट्टीत अर्ज घेऊन गेले. अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, कॅमेऱ्याचा आणि भिंगाचा अनुक्रमांक आणि "ड्रोन वापरणार नाही, फोटो विकणार नाही" असं स्वतःच्या सहीचं निवेदन लागलं. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मी पहिल्यांदा एकच प्रत नेली होती आणि परत यावं लागलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते, २० नोव्हेंबरला मतदान होतं आणि कार्यालयातले निम्मे लोक निवडणुकीच्या कामावर. आठवड्यातून एकदा फोन करायचे. पहिल्यांदा कळलं की कागद टेबलावर आहे, दुसऱ्यांदा कळलं की सहीला गेला आहे. मला त्या दिवसांत खरंच वाईट वाटायचं. वर्षातून चार महिने येणारी पाखरं तळ्यावर उतरलेली आणि मी बँकेत चलनं मोजत बसलेली. ४ डिसेंबरला परवानगीचं पत्र हाती आलं, तेवीस दिवसांनी. ३१ जानेवारीपर्यंत, फक्त रविवारी, साडेसहा ते साडेनऊ. शुल्क काही नव्हतं.

तोपर्यंत कळंबा तलाव होता. आमच्या मंगळवार पेठेतून शहरातल्याच संभाजीनगर भागातून गाडीवर पंधरा मिनिटं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. २४ तारखेला सकाळी सहाला आमच्या गॅलरीतल्या तापमापकावर तेरा अंश होते, आणि दुचाकीवर ते तेरा अंश सात-आठ वाटतात. बोटं उघडी असलेले लोकरीचे हातमोजे १२० रुपयांना मिळाले. त्यांच्यावाचून शटरचं बटण दाबता येत नाही. बाईने एकटीने अंधारात जायचं म्हणून घरी थोडी कुरकुर झाली. मी तीन गोष्टी ठरवल्या: उजाडल्याशिवाय मुख्य रस्ता सोडायचा नाही, ठिकाण फोनवरून नवऱ्याला सतत दिसत राहील असं ठेवायचं, आणि काठावर पोचलं की तिथल्या माणसांशी आधी बोलून घ्यायचं. तिसऱ्या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

कळंब्याच्या काठी एक मामा रोज म्हशी घेऊन येतात. मी शेकाट्यांच्या मागे मागे चिखलातून जात होते आणि प्रत्येक वेळी दहा पावलं उरली की थवा उडून वीस पावलं पुढे बसत होता. मामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, असं मागं लागून पाखरू गावत न्हाई. म्हशीच्या आडोशानं जावा. पाखरू म्हशीला भीत न्हाई." त्यांच्या म्हशी संथपणे काठाने चरत होत्या. मी दोन म्हशींच्या मधल्या जागेत, त्यांच्याच चालीने, त्या थांबल्या की थांबत गेले. अर्ध्या तासात शेकाट्या माझ्यापासून पंधरा फुटांवर होत्या, पांढरा धोबी तर म्हशीच्या खुरांतून उठणारे किडे टिपत माझ्या पायाशी शेपटी हलवत होता. मुलुखावेगळ्या थंडीतून इथवर येणारा हा मूठभर पक्षी, आणि त्याला कोल्हापुरी म्हशीचा आधार. त्या दिवशीचे फोटो मी अजून कुणी घरी आलं की दाखवते. तेव्हापासून दर रविवारी मामांसाठी थर्मासमध्ये एक कप चहा जास्त नेते.

१ डिसेंबरला मात्र आभाळ भरून आलं. बंगालच्या उपसागरातलं फेंजल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर चढलं होतं आणि त्याचे ढग आपल्याकडेही आले. थंडी पळाली, हवा दमट झाली, मधूनच सरी येऊन गेल्या. याच आठवड्यात भिंगातून पाहताना मला कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसलं. बुरशी होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगाला ती लागतेच. दुरुस्ती करणाऱ्यांनी स्वच्छ सांगितलं की बुरशी कडेला आहे, फोटोवर परिणाम होत नसणार, पण वाढत जाईल म्हणून साफ करून घ्या. मला मात्र वाटत होतं की माझे फोटो मऊ, पुसट येतात ते हिच्यामुळेच. ५ डिसेंबरला भिंग दिलं, २१ ला परत मिळालं. १,८०० रुपये. सोळा दिवस आणि मधले दोन रविवार. परवानगी हातात असताना भिंग नाही, हे फार जड गेलं. वापरलेलं भिंग घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघावं. बुरशी लगेच दिसते. मी बघितलं नव्हतं.

२२ डिसेंबरला साफ केलेलं भिंग घेऊन कळंब्यावर गेले. उशीर झाला होता, पोचले तेव्हा साडेनऊ वाजलेले. निरभ्र आकाश, लख्ख ऊन. पलीकडच्या खडकावर कवड्या खंड्या बसला होता, मधूनच उडून पाण्यावर एका जागी फडफडत स्थिर राहायचा आणि चोच खाली करून सूर मारायचा. साठ फोटो काढले. सगळे पुसट. काळ्या-पांढऱ्या पिसांची कड जणू पाण्यात विरघळलेली. मी बांधावर बसूनच राहिले. आता आणखी पैसे घालायचे कुठून, असं मनात आलं.

रोज फिरायला येणारे एक निवृत्त काका थांबले. भूमापनाच्या खात्यात त्यांची नोकरी झाली होती. मी त्यांना पडद्यावर फोटो दाखवले. त्यांनी आधी विचारलं, "किती वाजता काढले?" मग म्हणाले, "ताई, तुमच्या भिंगाला काही झालेलं नाही. थंडीत ऊन चढलं की जमीन तापते, वरची हवा गारच असते. मधली हवा थरथरते. आमच्या दुर्बिणीतून लांबच्या पट्टीवरचे आकडे नाचायला लागायचे. म्हणून आम्ही मोजणी सकाळी लवकर उरकायचो." घरी जाऊन मी नोव्हेंबरपासूनचे सगळे फोटो वेळेनुसार लावले. साडेसात-आठचे स्वच्छ होते. नऊनंतरचे, विशेषतः लांबच्या पक्ष्यांचे, सगळे थरथरलेले. ज्या दिवशी थंडी जास्त आणि ऊन कडक, त्या दिवशी सगळ्यात वाईट. ढगाळ दिवशी दहा वाजता काढलेलेही ठीक होते. भिंग बदलण्याआधी हे एकदा करून बघाच. फोटोच्या माहितीत वेळ नोंदलेली असते, तिला पैसे पडत नाहीत.

म्हणजे आता कामाचा वेळ उरला उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत. त्यातही एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. मला वाटायचं २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, म्हणजे सूर्यही लवकर उगवत असेल. तसं होत नाही. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीत असतो, सात वाजून गेल्यावर. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. त्यामुळे जानेवारीत साडेसहाला जाऊन अंधारात बसण्यात अर्थ नाही. मी गंगावेशीत धारोष्ण दुधाचा एक पेला घेऊन मग निघायला लागले.

५ जानेवारीला परवानगीच्या तळ्यावर गेले. फाटकावर तोच रखवालदार होता. पत्र पाहून त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "आज काय दिसणार न्हाई मॅडम." खरंच काही दिसत नव्हतं. असं धुकं मी शहरात कधी पाहिलं नव्हतं. रात्रभर आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, जमीन गार झालेली, तळ्याचं पाणी मात्र अजून उबदार. पाण्यावरून वाफा उठत होत्या आणि त्यावर धुक्याचा थर बसला होता. त्यात दूरवरच्या उसाच्या फडात पाला जाळल्याचा वास मिसळलेला. दहा फुटांपलीकडे पांढरं. मी मण्यांची पिशवी दगडावर ठेवून बसले. पहिल्यांदा आवाज आले. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचं तुटक ओरडणं, अडई बदकांची शीळ, पाण्यावरून धावत उडणाऱ्या पंखांची फडफड. अंगावरची शाल दवाने ओली झाली. पाऊण तास मी कॅमेऱ्याला हातही लावला नाही आणि मला कंटाळा आला नाही.

आठच्या सुमारास धुकं वर उचललं जायला लागलं आणि त्यातून बदकं एकेक करून दिसायला लागली, आधी नुसती गडद रेघ, मग मान, मग चोच. ज्यांना धुक्यात फोटो काढायचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. कॅमेऱ्याला धुक्यात पकडायला कड सापडत नाही, भिंग पुढे-मागे घरघरत राहतं. तेव्हा मधला एकच फोकस बिंदू निवडून तो पक्षी आणि पाणी जिथे मिळतात तिथल्या गडद रेघेवर धरावा. शिवाय कॅमेरा पांढऱ्या धुक्याला राखाडी समजून फोटो काळपट काढतो, म्हणून उजेड (एक्स्पोजर) एक घर वाढवून घ्यावा. भिंगावर पुढची नळी (लेन्स हूड) लावलेली असू द्यावी, दव थेट काचेवर बसत नाही. आणि घरी गेल्यावर पिशवीची चेन अर्धा तास उघडू नये. गार कॅमेरा उबदार खोलीत एकदम काढला की काचेवर बाफ धरते आणि पुन्हा बुरशीला आमंत्रण. माझ्या डब्यात आता सिलिका जेलच्या पुड्या कायम असतात, ८० रुपयांना दहा.

त्या दिवशीची यादी मी ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर भरली. डिसेंबरपासून भरत होते. वारकरी ६००, टिबुकली १४, थापट्या २२, हळदी-कुंकू बदक ९, चक्रांग बदकं ३५. वारकरी मोजताना मी दहा-दहाचे गट केले होते. कपाळावरचा पांढरा टिळा धुक्यातही दिसतो, त्यामुळे तेवढं सोपं गेलं.

१२ जानेवारीला घरचे चौघे दाजीपूरला गेलो. १९५८ साली जाहीर झालेलं हे गव्यांचं अभयारण्य, कोल्हापूरपासून साधारण ८० किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालो, राधानगरीत चहा घेतला. नाक्यावर प्रवेशाची, गाडीची, कॅमेऱ्याची अशा वेगवेगळ्या पावत्या होतात, दर फलकावर लिहिलेले असतात. सुटे पैसे न्यावेत, तिथे मोबाईलला रेंजच नसल्याने ऑनलाइन पैसे देता आले नाहीत. पेट्रोल, पावत्या, वाटाड्या, जेवण धरून आमचे ३,६०० रुपये झाले. जंगलात आत उजेड एवढा कमी की माझा एक हजारांशाचा नियम तिथे चालेना, सेकंदाच्या दोनशेव्या भागावर आले. मलबारी राखी धनेशाची जोडी उंबराच्या झाडावर होती. तिचं भसाड्या हसण्यासारखं ओरडणं लेकीने फोनवर रेकॉर्ड केलं. फोटोत पान पुढे आणि धनेश मागे. गवे मात्र सगळ्यांना दिसले, लेक त्यावरच खूश.

२१ जानेवारीला संध्याकाळी ईबर्डकडून पत्र आलं. त्यांच्याकडे याद्या तपासणारे स्वयंसेवक असतात. मजकूर अतिशय सभ्य होता, तरी वाचताना छातीत धडधडलं. दोन प्रश्न होते: ६०० वारकरी कसे मोजले, आणि ३५ चक्रांगांचा एखादा फोटो किंवा वर्णन आहे का. वारकऱ्यांचं मी लिहिलं. चक्रांगांचा फोटो शोधायला बसले. धुक्यातले अकरा फोटो होते, मी ते टाकूनच देणार होते. त्यातल्या एकात, दाणेदार आणि फिकट, दोन मळकट तपकिरी बदकं बाजूने दिसत होती. तेच पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. फोटोत गोल करून दाखवलं होतं: डोळ्यावरून जाणारी गडद रेघ, तिच्या वर फिकट पट्टी, गालावर आणखी एक गडद रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. ही चक्रांग नव्हेत, भुवई बदकं आहेत. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा असतो. मी विचारलं, नराच्या डोळ्यावर तर पांढरीशुभ्र भुवई असते, मग एवढ्या ३५ मध्ये एकही नर नव्हता का? उत्तर आलं की असणार, पण या बदकाचे नर हिवाळ्याचा बराच काळ मादीसारख्याच पिसांत असतात, भुवई फेब्रुवारीच्या सुमारास उमटते. फेब्रुवारीत पुन्हा बघा. मी त्याच रात्री यादी दुरुस्त केली. जुनी यादी उघडून नाव बदलता येतं, नवी भरावी लागत नाही. चुकलं तर घाबरू नका, मी घाबरले होते.

परवानगी जानेवारीअखेर संपत होती. २७ तारखेला मुदतवाढीचा अर्ज दिला, त्यात जुन्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहिली. या वेळी दोनच दिवसांत सही झाली. जुना क्रमांक घातला की फाईल शोधावी लागत नाही, असं टपाल घेणाऱ्या ताईंनीच सांगितलं.

१४ ते १७ फेब्रुवारी २०२५ ही जगभरातली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होती. कुठेही किमान पंधरा मिनिटं थांबून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि भरायचे, एवढंच. अंगणातल्या चिमण्याही चालतात. १६ च्या रविवारी लेकीला बरोबर नेलं. परीक्षा पाच दिवसांवर होती, पण तीच म्हणाली की दोन तास डोकं मोकळं होईल. धुकं अगदी विरळ होतं, सव्वासातला सूर्य वर आला आणि सगळं पाणी एकदम सोनेरी झालं. ती दुर्बिणीतून आकडे सांगत होती, मी वहीत लिहीत होते. वारकरी ५४०. थापट्या १८, एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत चोची पाण्यात घालून खाणारे.

"आई, त्या छोट्या बदकाला बघ, डोळ्यावर पांढरं काय आहे?"

मी कॅमेरा उचलला. तपकिरी डोक्यावरून मानेपर्यंत गेलेली कमानदार पांढरी भुवई, बाजूला अजून एक, पलीकडे तीन. लेकीने मोजून बारा नर सांगितले. मी पिशवीवर भिंग टेकवलं, एक हजारांश, फोकस डोळ्यावर. साडेसात वाजले होते आणि हवा अजून थरथरत नव्हती.